राग निवळला म्हणतात तेव्हा

२८ जून २०१३ रोजी नाशिकमध्ये गंगापूर रस्त्याच्या परिसरात एका बापाने आपल्या मुलीचा रिक्षात दोरीने गळा आवळून खून केला. मुलीचे दिवस भरत आले होते. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं, त्यामुळे जातीत आपली मान खाली गेली, हा सल त्या बापाने मनात धरून ठेवला होता. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून, कोणतीही सूट न देता २० वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. न्यायाचं चक्र असं बारा वर्षं फिरलं. हे पुस्तक ज्या गोष्टीबद्दल आहे ती मात्र खुनाच्या आधीच घडून गेली होती. बाप मुलीला न्यायला तिच्या घरी आला, ‘घरचं माणूस आजारी आहे, भेटायला चल’ म्हणाला आणि ती निघाली.

ती का निघाली, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. मला त्यात नवल वाटत नाही. आपल्याकडे पहिलटकरणीच्या मनात शेवटच्या महिन्यांत माहेर किती दाटून येतं हे कुणाला सांगायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी, डोहाळजेवण माहेरच्यांच्या हातून, बाळाची पहिली अंगडी-टोपडी आजोळची. पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही आणि शेजारपाजारच्या बायका तिला एकच धीर देत असतात: नातवंडाचं तोंड पाहिलं की राग निवळेल. हे वाक्य आपण इतक्या वेळा खरं ठरताना पाहिलं आहे की त्यात काही धोका असेल असं मनातही येत नाही. बाप दारात उभा राहिला तेव्हा त्या घराला, त्या गल्लीला आनंदच झाला असेल. ज्याला पुढे आपण धोक्याची खूण म्हणणार, ती त्या दिवशी चांगली बातमी म्हणून आली.

जीव घ्यायचा बेत आखून केलेल्या हिंसेच्या महाराष्ट्रातल्या कहाण्या मी गेली काही वर्षं वाचतो आहे, आणि हा धागा वारंवार हाताला लागतो. कोल्हापुरात डिसेंबर २०१५ मध्ये एका तरुण जोडप्याचा त्यांच्याच घरात खून झाला. मारणारे मुलीचे भाऊ होते आणि ते पाहुणे म्हणून आले होते. वैजापूर तालुक्यातल्या लाडगाव शिवारात डिसेंबर २०२१ मध्ये आई आणि भाऊ मुलीला भेटायला आले. आई काही दिवस आधी एकदा येऊन गेली होती, त्यामुळे तुटलेलं नातं जुळतंय असंच मुलीला वाटलं. ती चहा करायला चुलीपाशी वळली आणि तिथेच तिचा जीव गेला. तीही गरोदर होती. नेवासे तालुक्यातल्या सोनईत १ जानेवारी २०१३ ला सफाईचं काम करणाऱ्या तीन तरुणांना संडासाची टाकी साफ करायची आहे असं सांगून वस्तीवर बोलावलं आणि ठार केलं. त्यातल्या एकाचं त्या घरातल्या मुलीवर प्रेम होतं. साक्षीदारांवर दबाव येतो म्हणून हा खटला नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. इथे आमिष मायेचं नव्हतं, मजुरीचं होतं. पण बोलावणं आलं ते नेहमीच्या, विश्वासाच्या भाषेत. नागराज मंजुळे यांनी २०१६ च्या ‘सैराट’मध्ये शेवटी जे दाखवलं ते प्रेक्षकांना अंगावर आल्यासारखं वाटलं; पण माहेरहून आलेली भेट, पाहुणचार, चहा, हे सगळं महाराष्ट्रात त्याआधी घडून गेलेलं होतं आणि नंतरही घडलं.

म्हणून या प्रस्तावनेत मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. धमकी ही खूण आहेच, पण ती सगळ्यांना कळते. कळत नाही ती पुढची पायरी. महिनोन्‌महिने ‘आम्हाला ती मेली’ म्हणणारं घर एक दिवस काही न घडता गोड बोलू लागतं. मधे कुणी मध्यस्थी केलेली नसते, कुणी रडलेलं नसतं, कुणी माफी मागितलेली नसते, भांडणाचा एकही मुद्दा मिटलेला नसतो. आणि तरी फोन येतो, ‘एकटीच ये’. खऱ्या समेटाला वेळ लागतो, तो अडखळत होतो. मामा येतो, मावशी फोन करते, बाप बोलत नाही पण पोरीच्या हाती पैसे देतो, जावयाला महिनाभर कुणी नावाने हाक मारत नाही. ज्या समेटात हे काहीच नाही, ज्यात घाई आहे, ज्यात जावई नको आहे, ज्यात जागा आणि वेळ एकाच बाजूने ठरते, तिथे थांबून विचारलं पाहिजे. आई-बापांवर सरसकट संशय घ्या असं मी म्हणत नाही. पळून गेलेल्या बहुतेक मुलींचे आई-बाप आज ना उद्या खरोखरच निवळतात. त्यामुळेच पारख करायला शिकावं लागतं.

जगात इतरत्रही हिंसेआधीच्या खुणांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्याच्या मदतीने शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा आणि ४१ हल्लेखोरांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल काढला. त्यातली दोन निरीक्षणं आपल्या कामाची आहेत. ८१ टक्के प्रकरणांत हल्ल्याआधी किमान एका माणसाला त्याची कल्पना होती. तो माणूस बहुधा बरोबरीचा, मित्र किंवा भाऊ होता. आणि बहुसंख्य हल्लेखोरांनी ज्यांच्यावर हल्ला केला त्यांना आधी थेट धमकी दिलेली नव्हती. म्हणजे ज्याच्या जिवावर बेतणार त्याला काही ऐकू येत नाही, भोवतालच्यांना ऐकू येतं. आपल्याकडच्या भावकीत, चावडीवर, लग्नाच्या पंगतीत हे किती खरं आहे ते खेड्यात राहिलेल्या कुणालाही पटेल. भावांनी काय ठरवलंय हे मुलीला ठाऊक नसतं. त्यांच्या मित्रांना, चुलत्यांना, कधी कधी कोयत्याला धार लावून देणाऱ्यालाही ठाऊक असतं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात परिचर्याशास्त्र शिकवणाऱ्या जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईच्या जिवाला किती धोका आहे हे ताडण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्यातला एक प्रश्न मी इथल्या प्रत्येक परिचारिकेला आणि डॉक्टरला पाठ व्हावा असं म्हणेन: त्याने कधी तुझा गळा दाबला होता का? हातातली वस्तू फेकणं, थोबाडीत मारणं, यांच्या रांगेत गळा दाबणं बसत नाही. ज्याने एकदा गळा दाबून सोडून दिला, तो पुढच्या वेळी सोडेलच असं नाही. आणि बाई घर सोडायला निघते किंवा नुकतीच सोडून गेलेली असते, तो काळ सगळ्यांत जोखमीचा असतो. आपण नेमकं त्याच काळात तिला ‘एकदा जाऊन भेट, बोलून घे’ असं समजावत असतो.

वसईच्या एका तरुणीने नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज पुढे देशभर वाचला गेला. आपल्यासोबत राहणारा माणूस मारहाण करतो, आज त्याने गुदमरवून मारायचा प्रयत्न केला, तुकडे करून टाकीन म्हणतो, असं तिने त्यात लिहिलं होतं. महिन्याभरात तिनेच लेखी कळवलं की आता वाद राहिलेला नाही. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला आणि त्या अर्जात लिहिलं होतं तसंच झालं. अर्ज मागे घेतला म्हणून चौकशी थांबली, हे कागदोपत्री बिनचूक असेलही. पण जो माणूस जिवाच्या भीतीने ठाण्यात येतो आणि काही आठवड्यांनी ‘मिटलं’ म्हणतो, त्याने ते ‘मिटलं’ कुणाच्या शेजारी उभं राहून लिहिलं, हे विचारण्याची रीत आपल्या ठाण्यांत अजून पडलेली नाही. तक्रार मागे घेणं ही स्वतंत्र चौकशीची बाब आहे, असं मला वाटतं. या पुस्तकात त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते पोलिसांनी आधी वाचावं.

खूण ओळखली, सांगितलीही, तरी पुढे काय होतं हे कळण्यासाठी आपल्या राज्याच्या इतिहासातलं सगळ्यांत वेदनादायक उदाहरण घ्यावं लागेल. मुंबईच्या रुईया महाविद्यालयातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्याकडे मदनलाल पाहवा नावाचा निर्वासित तरुण येत असे. त्यांची पुस्तकं विकून तो पोट भरत होता. जानेवारी १९४८ मध्ये त्याने जैनांना सांगितलं की गांधीजींना मारायचा कट शिजतो आहे. जैनांना ती पोराची बढाई वाटली. त्यांनी त्याला समजावलं, एका मित्राच्या कानावर घातलं आणि पुढे काही केलं नाही. २० जानेवारीला दिल्लीत बिर्ला भवनात स्फोट झाला आणि पकडलेल्या माणसाचं नाव जैनांनी वर्तमानपत्रात वाचलं. दुसऱ्याच दिवशी ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी मुंबई पोलिसांचे उपायुक्त नगरवाला यांना सांगितलं आणि २२ तारखेला अहमदाबादेत सरदार पटेलांनाही सांगितलं. म्हणजे शेवटी बातमी गेली, आणि राज्यात नि देशात जिथे जायला हवी तिथेच गेली.

पण जैनांच्या विनंतीवरून त्यांचं नाव नगरवालांना सांगितलं गेलं नाही. तेव्हा ज्याने मदनलालच्या तोंडून ऐकलं होतं त्यालाच चार प्रश्न विचारण्याचा मार्ग बंद झाला. दिल्लीत मदनलालच्या जबाबात पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. कोणतं वृत्तपत्र, कोण संपादक, हे पुण्यातल्या कुठल्याही वार्ताहराने क्षणात सांगितलं असतं. त्या वेळी दिल्लीत असलेले पुण्याचे गुप्तवार्ता उपमहानिरीक्षक त्या जबाबाची प्रत घेऊन निघाले ते विमानाने नव्हे, तर अलाहाबादच्या वळणाने रेल्वेने, आणि २७ तारखेला मुंबईत पोहोचले. ३० जानेवारीला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पुढे १२ नोव्हेंबर १९६४ ला पुण्यात, सुटून आलेल्या आरोपींच्या सत्कारात लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी आपल्याला हे आधीच ठाऊक होतं आणि बाळूकाका कानिटकरांकरवी आपण ते मुंबई सरकारला कळवलं होतं असं सांगितलं. त्यावरून संतापाची लाट उसळली आणि अखेर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचा १९६९ चा अहवाल जाडजूड आहे, पण इशारा देण्या-घेण्याच्या शास्त्रावर मराठी मुलखाबद्दल याहून मोठा दस्तऐवज मला माहीत नाही. पोलीस अकादमी आमच्या नाशिकला आहे. तिथल्या प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने या अहवालातला मुंबईचा भाग वाचावा, असं मला मनापासून वाटतं. माहिती कमी पडली म्हणून ती हत्या झाली नाही. माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना झिजत गेली.

इशारा ओळखण्याबद्दल बोलताना मी रैनपाड्याला वगळू शकत नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. ते मंगळवेढ्याकडून पोटासाठी आले होते. त्यांच्यातला कुणी एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे निरोप फोनांवरून त्याआधीच गावोगाव फिरत होते. त्या जमावाला आपण धोक्याची खूण ओळखली आहे असंच वाटत होतं, ही या घटनेतली सगळ्यांत भयानक बाब आहे. परका चेहरा, फाटका वेष, अनोळखी बोली, ही त्यांच्या लेखी खूण होती. या पुस्तकात खूण म्हणून जे सांगितलं आहे त्यात माणूस कोण आहे, कुठल्या जातीचा, धर्माचा, मुलखाचा आहे, याला जागा नाही. तो काय करतो, काय बोलतो, काय जमवतो, कुणाच्या येण्या-जाण्यावर पाळत ठेवतो, एवढंच पाहायचं आहे.

आणि त्याच दिवशी आमच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, तशाच अफवेवरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं. त्यात दोन वर्षांचं लेकरूही होतं. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस वेळेत पोहोचले, जमावाने पोलिसांवरही हात टाकला, गाडी उलथवली, पण ती माणसं जिवंत बाहेर निघाली. अफवा तीच, दिवस तोच. रैनपाड्याची बातमी देशभर झाली, ती व्हायलाच हवी होती. मालेगावच्या त्या दाराची मात्र कुणाला आठवण नाही. दार उघडणं आणि फोन करणं ही दोन कामं तिथे झाली, आणि जीव वाचवण्याच्या बाबतीत बहुतेक वेळा एवढीच कामं करायची असतात.

२०१३ च्या त्या खुनानंतर नाशिकने जे केलं ते मला या शहराचा रहिवासी म्हणून महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे इथले कार्यकर्ते कृष्णा चांदगुडे यांनी ‘बापाने रागाच्या भरात मारलं’ या बातमीवर समाधान मानलं नाही. घराण्याची इज्जत म्हणजे काय, ती कोण मोजतं, वाळीत टाकण्याचा धाक कोण घालतं, हे ते विचारत राहिले. जातपंचायतीच्या जाचाने गांजलेली माणसं हळूहळू बोलू लागली. ८ ऑगस्ट २०१३ ला नाशिकमध्ये जातपंचायतीला मूठमाती देण्यासाठी परिषद झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर तिला आले होते. बाराव्या दिवशी, २० ऑगस्टला, पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांना धमक्या येत होत्या हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत होतं. पोलीस संरक्षण त्यांनी स्वतः नाकारलं होतं. आपण त्या धमक्यांना त्यांच्या कामाचा एक भाग मानून बसलो होतो. सतत येणाऱ्या धमकीची सवय होते, ऐकणाऱ्याला आणि ज्याला येते त्यालाही; आणि ही सवयच मारेकऱ्यांच्या पथ्यावर पडते.

परिषदेनंतरची लढाई पुढे कायद्यापर्यंत गेली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळाने केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हा कायदा मी खून टाळण्याचा कायदा म्हणूनही वाचतो. कारण अशा खुनाच्या आधी बहुतेकदा काहीतरी जाहीर घडलेलं असतं. पंचांनी दंड मागितलेला असतो, भावकीने लग्नकार्याला बोलावणं बंद केलेलं असतं, धाकट्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडलेली असते, कुठे जिवंत मुलीचं दहावं घातलेलं असतं. ही सगळी कृत्यं पोलिसांत सांगण्याजोगी आहेत, आज, खून होण्याच्या कितीतरी आधी. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्तिवाहिनी खटल्याच्या निकालात जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे असावेत असं सांगितलं आहे आणि अशा पंचायती भरण्याआधीच रोखण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तो कक्ष कुठल्या खोलीत बसतो हे नागरिकांनी जाऊन विचारावं. विचारणारे आले की खोली उघडी राहते.

आता सांगायचं कुणाला आणि कसं. कायदा इथे लोक समजतात त्यापेक्षा बराच स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ सांगतं की खुनासारख्या गुन्ह्याचा नुसता इरादा जरी कळला तरी तो जवळच्या पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. गुन्हा घडायच्या आधी तो रोखण्याचे अधिकार कलम १६८ ते १७० खाली पोलिसांना आहेत. शांतता राखण्याची हमी लिहून घ्यायचं कलम १२६ आहे, ज्याला ठाण्यात अजूनही जुन्या सवयीने चॅप्टर केस म्हणतात. ‘काही घडल्याशिवाय आम्ही काय करणार’ हे उत्तर म्हणूनच कायद्याला धरून नाही, आणि ते ऐकून परत फिरू नये.

पण सांगणाऱ्यानेही नीट सांगावं लागतं. समजा, शेजारच्या बाईने ठाण्यात जाऊन म्हटलं, ‘साहेब, त्या पोरीचं काही खरं नाही, तिचे घरचे डेंजर आहेत.’ ठाणे अंमलदार मान हलवेल, पाणी देईल आणि पुढचा अर्ज ओढेल. तीच बाई असं म्हणाली तर: ‘परवा, मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास तिचा मोठा भाऊ दोन जणांसोबत गल्लीत आला. तिचा नवरा रात्रपाळीला कधी असतो, असं त्याने किराणा दुकानात विचारलं. लग्नानंतर तो पहिल्यांदाच इकडे दिसला. महिन्यापूर्वी त्याने फोनवर तिला तुकडे करीन म्हटलं होतं, ते रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे. आज सकाळी तिच्या आईचा फोन आला, की रविवारी ओटी भरायची आहे, एकटी ये.’ यात आपलं मत एकही नाही. दिवस, वेळ, शब्द, माणूस, जागा आहे, आणि पुढचा दिवसही आहे: रविवार. एवढं ऐकल्यावर बीट अंमलदाराला भावाच्या घरी पाठवायला कुठलाही अधिकारी टाळाटाळ करू शकत नाही. बोलून झाल्यावर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, स्टेशन डायरीत नोंद झाली का ते विचारावं. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना. तातडी असेल तर ११२. नाव सांगायची भीती वाटत असेल तर तेही सांगावं. नाव गुप्त ठेवा म्हणणं आणि नावच न देणं यात फार अंतर आहे. जैनांच्या बाबतीत काय झालं ते वर आलंच आहे.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. बातमी चुकीच्या दारात गेली तर तीच जीव घेते. पळून गेलेल्या मुलीचा पत्ता तिच्या घरच्यांना ‘काळजीपोटी’ कळवणारे हितचिंतक, मिसिंग दाखल झाली म्हणून सज्ञान मुलीला शोधून ‘घरचेच आहेत’ म्हणत बापाच्या ताब्यात देणारे पोलीस, विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागली की तिचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकणारे ओळखीचे लोक, हे सगळे आपापल्या समजुतीने भलंच करत असतात. सज्ञान मुलीची माहिती तिला विचारल्याशिवाय कुणालाही द्यायची नाही, आई-वडिलांना तर नाहीच, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहीन. मुलगी भेटावी म्हणून तळमळणाऱ्या आईला हे वाचून वाईट वाटेल याची मला जाणीव आहे. तिने आपला निरोप महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षातल्या समुपदेशकाकरवी पाठवावा. भेट त्या कार्यालयात, जावयासह व्हावी. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्यभर गेला. मध्यस्थीचं हे काम तिथले लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत. मायेची भेट तिथे होऊ शकते. ज्याला तिथे भेटायचंच नाही, त्याला का नाही, हे विचारता येतं.

हे पुस्तक कुणासाठी, तर ज्यांच्या कानावर पहिल्यांदा येतं त्यांच्यासाठी. पोलीस पाटील त्यात आहेत, वसतिगृहाच्या अधीक्षक आहेत, विवाह नोंदणी कार्यालयातले कारकून आहेत, रिक्षावाले आहेत. पण मला सर्वांत जास्त आशा आहे ती आशाताईंकडून. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या हातात असतं, दर महिन्याला तिच्या दारात त्या जातात आणि सातव्या-आठव्या महिन्यात एक प्रश्न त्यांना विचारावाच लागतो: बाळंतपणाला कुठे जाणार? जी मुलगी पाच महिने ‘माहेरचं कुणी बोलत नाही’ म्हणत होती, ती एक दिवस ‘आई न्यायला येणार आहे’ असं सांगते. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो. त्या वेळी आशाताईंनी चार साधे प्रश्न विचारावेत असं या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सुचवलं आहे. कुणी मध्यस्थी केली? जावयाला बोलावलं आहे का? जायचं कुठे, घरी की दुसरीकडे? आणि जाताना सोबत कोण? उत्तरं मोकळी आली तर ओटीचं सामान आणायला मदत करावी. अडखळली तर कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिता लिहिता सांगावं, की आईला म्हणावं आधी दवाखान्यात ये, तपासणीच्या दिवशी, आपण तिथेच भेटू. आणि त्याच दुपारी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला आणि बीट अंमलदाराला कळवावं.

शेवटची दोन पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. आपल्या गावचे पोलीस पाटील, बीट अंमलदार, तालुक्याच्या संरक्षण अधिकारी, जवळच्या विशेष कक्षातल्या समुपदेशक यांची नावं आणि नंबर वाचकाने स्वतः जाऊन मिळवून तिथे लिहायचे आहेत. छापील यादी बदल्यांनंतर जुनी होते, आणि नंबर मागायला एकदा ठाण्यात गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा, गरजेच्या वेळी, आत शिरताना कुणाला भेटायचं ते माहीत असतं.